अण्णांचे ओतकाम

आमच्या घरी पुस्तकांच्या मांडणीवर वीतभरही उंची नसलेली एक धातूची प्रतिमा आहे. डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली एक बाई. ती आम्ही भिंतीकडे तोंड करून ठेवतो. घरी आलेला पाहुणा हमखास उठतो आणि "अहो, ही उलटी ठेवलीय की," म्हणत तिला फिरवतो. पाहुणा गेला की आमच्यापैकी कोणीतरी तिला पुन्हा पाठमोरी करतो. असे का, हे प्रत्येकाला सांगत बसणे होत नाही. म्हणून आम्ही तिघा भावंडांनी ठरवले, की एकदा सगळे लिहूनच काढावे.

आमचे वडील, म्हणजे अण्णा, पेंटर होते. चित्रकार हा शब्द त्यांनी स्वतःसाठी कधी वापरला नाही. चेंबूरच्या आमच्या वस्तीत ते 'पेंटर' आणि आई 'पेंटरीणबाई'. दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या पाठीवरची अक्षरे, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे, यांवर घर चाले. पण त्यांचा हात खरा खुले तो १४ एप्रिलच्या आधीचे पंधरा दिवस. जयंतीच्या मिरवणुकीसाठी ते आठ फुटी कापडावर बाबासाहेबांचे चित्र काढत. आम्ही रंगाचे डबे धरून उभे राहायचो. सगळे चित्र झाले तरी डोळ्यांतला पांढरा ठिपका ते राखून ठेवत. तो ठिपका सगळ्यांत शेवटी देत, आणि तो दिला की चित्र आपल्याकडे पाहू लागे. वस्तीतली पोरे तेवढ्यासाठी रात्री बारापर्यंत जागी असत.

२००३-०४ च्या सुमारास आमच्याकडे फ्लेक्स आले. दोन तासांत बारा फुटी बाबासाहेब छापून मिळू लागले. मंडळाच्या पोरांचा तरी काय दोष? त्यांना स्वस्तात आणि वेळेत काम पाहिजे होते. पहिल्या वर्षी अण्णा म्हणाले, "पावसात रंग उडेल त्याचा." पण रंग उडाला नाही. दुसऱ्या वर्षी ते काहीच म्हणाले नाहीत. ब्रश धुऊन, तेल लावून, कागदात गुंडाळून त्यांनी पेटीत ठेवले. तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते आणि आमच्यातले एकच जण कमावते होते.

विहारात पौर्णिमेला ज्या मेणबत्त्या लागतात, त्यांचे विझलेले तुकडे दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जात. अण्णा ते गोळा करून घरी आणू लागले. आईला वाटले, वितळवून पुन्हा मेणबत्त्या करणार असतील. एका रात्री आम्ही पाहिले, तर ते दिव्याखाली बसून मेणाचा माणूस करत होते.

"भिंतीवरचं चित्र आता मशीन काढतं," ते म्हणाले. "हातात धरायचं बाबासाहेब मशीन काढणार नाही." पुढे तेही मशीन काढू लागले, ती गोष्ट वेगळी.

मेणबत्तीचे मेण ठिसूळ असते. हात करावा तर कोपरातून तुटे. मग कुणीतरी सांगितल्यावरून अण्णांनी मधमाशीचे मेण आणि राळ आणली. दोन्ही मेणबत्तीच्या मेणात मिसळल्यावर गोळा लवचीक झाला. हाताच्या उबेने वळू लागला, आणि गार झाला की घट्ट राहू लागला. पहिला महिना एवढे शिकण्यातच गेला.

दुसरी अडचण आम्हाला कुणालाच सुचली नसती. तीस वर्षे अण्णांनी बाबासाहेब काढले होते, पण समोरून. चित्राला पाठ नसते. प्रतिमेला असते. मेणाचा गोळा त्यांनी फिरवला आणि थबकले. "मागून कसे दिसत होते?" घरातली सगळी पुस्तके, सगळे जुने विशेषांक त्यांनी धुंडाळले. फोटो सगळे समोरचे, फार तर एका बाजूचे.

आमच्या चाळीच्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ राहत. ते तरुणपणी समता सैनिक दलात होते आणि बाबासाहेबांच्या सभांना व्यासपीठापाशी पहाऱ्याला उभे राहिलेले होते. सगळे त्यांना सैनिक आजोबा म्हणत. अण्णा त्यांच्याकडे गेले. आजोबांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "पेंटर, मी त्यांच्याकडे पाठ करून उभा होतो. हुकूमच तसा होता. नजर गर्दीवर ठेवायची. मी बाबांना ऐकलं रे, बघितलं कमी."

अण्णा घरी येऊन गप्प बसले. शेवटी आपल्या स्वतःच्या जुन्या कोटावरून त्यांनी मेणाच्या पाठीवर कोटाच्या घड्या घातल्या. ती पाठ कोटाची होती. बाबासाहेबांची नव्हती. हे त्यांना ठाऊक होते, आणि ते त्यांना शेवटपर्यंत सलत राहिले.

आता ओतकाम कसे होते ते सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचे समजणार नाही. मेणाची प्रतिमा तयार झाली की तिला मेणाच्याच कांड्या जोडतात. एक जाड कांडी, जिच्या वाटेने धातू आत जाईल, आणि काही बारीक कांड्या, ज्यांच्या वाटेने आतली हवा बाहेर पडेल. मग त्यावर विटेची वस्त्रगाळ भुकटी आणि प्लास्टर यांचा पातळ लेप देतात. वरून जाड लेप. तो साचा वाळला की उलटा धरून तापवतात. मेण वितळून वाहून जाते आणि आत प्रतिमेच्या आकाराची पोकळी उरते. त्या पोकळीत रसरशीत धातू ओततात. गार झाल्यावर साचा फोडतात. म्हणजे मेणही गेले आणि साचाही गेला. धातू नीट भरला नसेल तर पुन्हा पहिल्यापासून मेण घेऊन बसायचे.

ही रीत फार जुनी आहे. मोहेंजोदडोला १९२६ साली सापडलेली नाचणारी मुलगी याच रीतीने ओतलेली. तिची उंची साडेदहा सेंटीमीटर, म्हणजे आपल्या तळहातावर उभी राहील एवढी. बाराव्या शतकातला चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात या कामाचे वर्णन आहे. मेणाच्या आठपट तांबे किंवा पितळ घ्यावे, असे प्रमाणही त्यात दिले आहे. ग्रंथ राजाच्या नावावर आहे. मूस उचलणाऱ्यांचे हात भाजले असतील, त्यांची नावे आपल्यापर्यंत आली नाहीत.

अण्णांना भट्टी मिळाली कुर्ल्याकडे. तिथे नळाच्या तोट्या आणि मशीनचे बुश ओतत. भट्टीवर एक उत्तर प्रदेशातले वयस्क कारागीर होते, त्यांना आम्ही चाचा म्हणायचो. ते ब्राँझला गनमेटल म्हणत. तांबे, कथील आणि थोडे जस्त. जुने व्हॉल्व्ह आणि बुश यांच्या भंगारातून ते मिळे. अण्णांनी विचारले, "चाचा, मेणाच्या किती पट माल लागेल?" चाचा म्हणाले, "मोम का आठ-नौ गुना रख लो." त्यांनी कुठलाही ग्रंथ पाहिलेला नव्हता.

पहिली प्रतिमा नऊ इंचांची होती. डाव्या हातात संविधान, उजवा हात उंचावलेला, बोट पुढे. १९६७ साली २ एप्रिलला संसदेच्या आवारात जो साडेबारा फुटांचा पुतळा बसला, शिल्पकार ब. वि. वाघ यांनी केलेला, तेव्हापासून हे बोट देशभर आपल्या लोकांच्या डोळ्यांत बसले आहे. आमच्या मेणाच्या प्रतिमेचे वजन पाव किलोच्या आत होते. भंगारासाठी पैसे पाहिजे होते. आईने भिशीचे दोन हजार रुपये काढून दिले आणि वर एवढेच म्हणाली, "हे परत येणार नाहीत, मला माहीत आहे."

पहिल्या खेपेला साचा आतून ओला राहिला होता. वरून तो खडखडीत वाटत होता. अकराशे अंशांच्या आसपास तापलेला धातू आत गेला आणि आतल्या ओलीची एका क्षणात वाफ झाली. ओतायच्या तोंडातून धातूचे शिंतोडे उडाले. अण्णांचा उजवा हात कोपरापर्यंत पोळला. चाचांनी त्यांना मागे ओढले आणि ओरडले, "पेंटरसाब, पानी इसका दुश्मन है!" साचा फोडला तेव्हा आत कमरेपर्यंतचेच बाबासाहेब होते.

दुसऱ्या खेपेला साचा तीन दिवस वाळवला आणि भट्टीत लाल होईपर्यंत भाजला. प्रतिमा पूर्ण आली, पण छाती आत गेली. धातू गार होताना आकसतो. जाड भाग शेवटी गार होतो, आणि त्याला वरून धातू पुरला नाही तर तो खड्डा पडून बसतो. शिवाय बोट आले नव्हते. मूठ आली, बोट नाही. इतक्या बारीक वाटेत धातू पोचायच्या आधीच थिजला होता.

तिसऱ्या खेपेला अण्णांनी प्रतिमा सात इंचांवर आणली आणि धातूची वाट जाड केली. छाती छान आली. चेहरा मात्र बारीक छिद्रांनी भरला होता, जाळी पडल्यासारखा. आणि बोट या वेळीही अर्ध्यातच थांबले होते.

तिन्ही प्रतिमा एका गोणपाटात बांधून पलंगाखाली गेल्या. भिशीचे पैसे संपले. चौथ्या खेपेला धातू कुठून आणायचा? अण्णा एका रात्री जेवताना सहज म्हणाले, "पलंगाखाली आहे की चार-पाच किलो."

आईच्या हातातला घास हातातच राहिला. "म्हणजे बाबासाहेब वितळवणार?"

त्या रात्री आमच्या घरात जे झाले ते भांडण नव्हते, पण भांडणापेक्षा जड होते. आईचे म्हणणे आम्ही अजून विसरलो नाही. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला आणि दहा माणसे गेली. आमची आई त्या काळात त्या वस्तीत कामाला जात होती. ती म्हणाली, "एका पुतळ्यापायी दहा घरं उजाड झाली. आणि तुम्ही आपल्या हातानं त्यांना आगीत घालणार? उद्या कुणी पाहिलं तर काय सांगाल?"

अण्णांकडे त्या वेळी उत्तर नव्हते. आम्हा भावंडांतही दोन मते. एकाचे म्हणणे, धातू म्हणजे धातू. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात विभूतिपूजेविरुद्ध स्पष्ट इशारा दिला आहे, मग आपण धातूच्या तुकड्यात का अडकावे? दुसरीचे म्हणणे, ज्यांच्याकडे सगळे आहे त्यांना पुतळा नको असणे सोपे आहे. आपल्या आज्यांना वेशीच्या आत येऊ देत नव्हते. आज गावाच्या चौकात आपला माणूस बोट दाखवून उभा आहे, त्या बोटाची किंमत आपल्याला कळायला हवी. खरे सांगायचे तर आम्हाला दोन्ही पटत होते.

गोष्ट बाहेर गेलीच. रविवारी वंदनेनंतर विहारात विषय निघाला. कुणी म्हणाले, चैत्यभूमीला नेऊन समुद्रात सोडा. कुणी म्हणाले, विसर्जन ही आपली रीत नव्हे. तेव्हा अण्णा उभे राहिले. चारचौघांत बोलायची त्यांना सवय नव्हती. पण त्या दिवशी त्यांनी आम्ही कधी न ऐकलेली गोष्ट सांगितली.

अण्णांचा जन्म सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली, आणि पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या गावच्या महारवाड्यानेही धम्म स्वीकारला. अण्णा तेव्हा दहा वर्षांचे. घरोघरचे देव बाहेर निघाले. बहुतेकांनी ते नदीत सोडले. आमच्या आजीच्या देव्हाऱ्यात धातूचे पाच टाक होते. आजी नदीवर गेली नाही. तिने ते टाक फडक्यात बांधले, बाजारच्या दिवशी कासाराकडे नेले आणि मोडीत घातले. वर थोडे पैसे भरून एक पितळी तांब्या घेतला. बायका म्हणाल्या, "अगं, देव मोडून भांडं घेतलंस?" आजी म्हणाली, "त्यांनी कधी पाणी दिलं नाही. हा देईल."

अण्णा म्हणाले, "माझ्या आईनं देव मोडून तांब्या केला, ते पाप नव्हतं. मग मी चुकलेली प्रतिमा मोडून बरी प्रतिमा करतोय, ते पाप कसं? आणि मला भीती दुसरीच आहे. मी बारीक मूर्त्या करतोय. लोक घरी नेतील, हळद-कुंकू लावतील. माझ्या आईनं काढून टाकलेले टाक मीच पुन्हा घराघरांत नेऊन ठेवीन, अशी भीती मला आहे. वितळवायची भीती नाही."

विहारात शांतता झाली. भन्तेजी एवढेच म्हणाले, की भगवंतांनी चेतनेलाच कम्म म्हटले आहे. ज्याने चपलांची माळ घातली त्याची चेतना आणि या माणसाची चेतना एक कशी असेल? सैनिक आजोबा काठी टेकत उठले आणि म्हणाले, "बोट नसलेले बाबासाहेब ठेवून काय करणार? कर नीट."

आई काही बोलली नाही. पण बुधवारी सकाळी तिनेच गोणपाट पलंगाखालून ओढले, साडीचा पदर खोचला आणि म्हणाली, "चला. मीही येते." त्या भट्टीवर बाईमाणूस कधी आलेले नव्हते. चाचांनी तिला बसायला लाकडी खोके दिले. तिने एकेक प्रतिमा हाताने पुसली आणि स्वतः चाचांच्या हातात दिली. तिघी मुशीत गेल्या. आम्ही पाहत होतो. आधी कोट मऊ झाला, मग सगळे एकच लाल-पिवळे पाणी झाले.

या खेपेला अण्णांनी बोटाचे कोडे सोडवले होते. त्यांनी बोटाच्या टोकालाच मेणाची एक बारीक कांडी जोडली होती, साच्याच्या बाहेरपर्यंत जाणारी. आतापर्यंत हवा बोटाच्या टोकाशी कोंडून बसत होती, आणि धातूला पुढे जायला जागा नव्हती. आता हवा निघून गेली आणि धातू बोटातून वाहत कांडीच्या तोंडापर्यंत आला. गार झाल्यावर साचा फोडला. कांडी करवतीने कापली, कानसीने घासली. बोट होते. आईने त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "आलं."

चष्मा मेणात करून पाहिला तेव्हा तो गॉगलसारखा दिसे. म्हणून अण्णांनी तो पितळेच्या बारीक तारेचा वेगळा करून नंतर बसवला. डोळ्यांत पांढरा ठिपका द्यायला रंग नव्हता. त्यांनी बुबुळाच्या जागी टाचणीच्या टोकाएवढा खड्डा ठेवला. प्रकाश तिथे सावली करी आणि डोळा जिवंत होई. "रंगात उजेड मी द्यायचो," ते म्हणाले, "इथं उजेड बाहेरून येतो. आपण फक्त जागा करून ठेवायची."

पुढच्या चार-पाच वर्षांत अण्णांनी बाबासाहेबांच्या अकरा प्रतिमा दिल्या. प्रत्येकीचे मेण वेगळे, म्हणून कुठल्याही दोन सारख्या नाहीत. घेणाऱ्याला ते एकच अट घालत : शेजारी पुस्तक असले पाहिजे, आणि त्या घरात ते कुणीतरी वाचत असले पाहिजे. पैसा मात्र झाला नाही. ६ डिसेंबरला दादरला स्टॉलवर प्लास्टरचे आणि फायबरचे छोटे पुतळे थोड्या पैशांत मिळू लागले होते. भिशीचे दोन हजार आईने म्हटल्याप्रमाणे परत आले नाहीत.

या काळात अण्णा आम्हाला घेऊन दोनदा बाहेर पडले. एकदा मुंबईच्या म्युझियममध्ये. तिथे दायमाबादचे हत्ती, गेंडा आणि म्हैस आहेत. १९७४ साली श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी, एका भिल्ल शेतकऱ्याला ते खणताना सापडले. अण्णा त्या हत्तीच्या मागच्या बाजूला बराच वेळ वाकून उभे होते. पहारेकऱ्याने हटकले तेव्हा म्हणाले, "पाठ बघतोय."

दुसऱ्यांदा नालासोपाऱ्याला. स्टेशनवरून रिक्षाने गेलो. तिथला स्तूप गावात बुरुड राजाचा कोट म्हणून ओळखला जातो. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उकरला, तेव्हा आत दगडाची मोठी पेटी निघाली. त्या पेटीत मधोमध करंडक आणि त्याच्याभोवती धातूच्या आठ लहान बुद्धप्रतिमा मांडलेल्या होत्या. सात मानुषी बुद्ध आणि आठवा मैत्रेय. आज त्या मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. अण्णा त्या ओसाड स्तूपावर बसून आम्हाला म्हणाले, "बघा, ज्यानं त्या ओतल्या त्याला माहीत होतं, की या पेटीत जाणार. वर दगड बसणार. कुणी बघणार नाही, कुणी हार घालणार नाही. तरी त्यानं आठही नीट केल्या."

विहारातल्या एका मुलाने, जो कलाशाळेत शिकत होता, अण्णांना मीरा मुखर्जींविषयी सांगितले. १९२३ साली कलकत्त्यात जन्मलेल्या या बाई. लहानपणी चित्रकला शिकल्या, पुढे जर्मनीत म्युनिकला गेल्या आणि तिथे शिल्पाकडे वळल्या. तिथून परत येऊन बस्तरच्या घडवा कारागिरांच्या झोपड्यांत बसून त्यांची ओतकामाची रीत शिकल्या. त्यांनी नावाडी, विणकर, मजूर धातूत आणले. कलिंगच्या रणभूमीवरचा सम्राट अशोक केला. १९९८ मध्ये त्या गेल्या. अण्णांनी त्यांच्या कामाचे फोटो त्या मुलाच्या पुस्तकात पाहिले आणि एकाच गोष्टीवर थांबले. "या बाईनं मजूर केलेत रे. पुतळे मोठ्या माणसांचे असतात, असं मी धरून चाललो होतो."

बस्तरचे कारागीर मेणाच्या दोऱ्या वळून त्या मातीच्या गाभ्यावर गुंडाळतात. त्यानंतर अण्णा रोज रात्री मेणाच्या दोऱ्या वळताना दिसू लागले. आम्हाला कळेना कशासाठी. एके दिवशी त्या दोऱ्यांची जुडी बांधलेली दिसली. सरपणाची मोळी होती ती.

आमची आजी आम्ही पाहिलेली नाही. अण्णा १९६६ साली मुंबईला आले, आजी गावीच राहिली. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायच्या कामावर जात होती आणि पुढच्या वर्षी गेली. तिचा फोटो नाही. एकही नाही. आणि आमच्या वडिलांनी, ज्यांनी हजारो चेहरे रंगवले, नटांचे, पुढाऱ्यांचे, दुकानाच्या मालकांच्या मेलेल्या वडिलांचे, त्यांनी आपल्या आईचे चित्र कधी काढले नाही. आम्ही एकदा विचारले होते. तेव्हा ते म्हणाले होते, "सुचलंच नाही. ती होती ना तिथं. आहे त्याचं चित्र कोण काढतं? आणि नंतर चेहरा धरायला गेलो, तर हातात येईना."

पण ही प्रतिमा त्यांनी आठ दिवसांत केली. मेण एकदाही मोडले नाही. आम्ही विचारले, "आता चेहरा आठवला?" ते म्हणाले, "नाही. पण लहानपणी मोळी विकायला बाजाराला जायचो ना, सहा मैल. ती पुढं, मी मागं. सगळी वाट मी तिची पाठच बघत चालायचो. तिची पाठ मला पाठ आहे."

ओतकाम पहिल्याच खेपेला उतरले. त्यासाठी लागलेल्या धातूत एक वस्तू आईने घरातून काढून दिली होती. आजीचा तो पितळी तांब्या. गावाहून आणलेला, बूड गळके झालेला, कित्येक वर्षे माळ्यावर पडून होता. पितळेचे प्रमाण वाढले म्हणून चाचा थोडे कुरकुरले. जस्त जळते आणि धूर फार होतो. पण त्यांनी ते निभावले.

साचा फुटला तेव्हा आम्ही सगळे होतो. पाठीचा कणा मोळीच्या वजनाने किंचित डावीकडे गेलेला. लुगड्याचा ओचा घट्ट खोचलेला. एक टाच उचललेली, पाऊल पुढे पडण्याच्या बेतात. मानेवर दोन शिरा. पुढच्या बाजूला चेहरा आहे, पण अण्णांनी तो जवळजवळ कोराच ठेवला आहे. जे ठाऊक नव्हते ते त्यांनी केले नाही. बाबासाहेबांच्या पाठीशी कोट घालून जी तडजोड त्यांना करावी लागली होती, ती इथे केली नाही.

२०१७ साली अण्णा गेले. मागे मालमत्ता म्हणावी असे काही नव्हते. पण ही प्रतिमा कुणी ठेवायची यावर आम्हा तिघांत थोडी कुरबुर झाली, हे लपवण्यात अर्थ नाही. शेवटी असे ठरले, की प्रत्येकाने वर्षभर ठेवायची आणि १४ ऑक्टोबरला पुढच्या घरी द्यायची. त्या दिवशी सगळे जमतात, लेकरे जमतात. लहानातले लहान मूल प्रतिमा उचलून पुढच्या घरी नेते. वजन त्याला पेलत नाही, म्हणून मोठे कुणीतरी खालून हात देते. तिच्यासमोर आम्ही उदबत्ती लावत नाही. मांडणीवर शेजारी पुस्तके असतात, ही अण्णांची अट आमच्याही घराला लागू आहे.

वाचक बंधुभगिनींनो, आपल्यापैकी किती घरांत आजी-पणजीचा फोटो आहे? ज्यांच्या घरात तो नाही त्यांनी निदान जे आठवते ते लिहून ठेवावे. चेहरा आठवत नसेल तर हात लिहावेत, चाल लिहावी, आवाज लिहावा. आमच्या नातवंडांना आजी कशी दिसत होती ते ठाऊक नाही. ती कशी चालत होती, ते मात्र त्यांना ठाऊक आहे. मागच्या वर्षी धाकट्या नातीने डोक्यावर उशी घेतली, डाव्या अंगाला झुकली, एक टाच उचलली आणि सगळ्या घरातून चालत गेली.

म्हणून आम्ही आजीला पाठमोरी ठेवतो. ती पुढे, आम्ही मागे.